आजोबांची रॅले : काय आवडतं, काय खटकतं?

दांडीवरचा नातू

नमस्कार मंडळी,

महालातल्या आमच्या जुन्या घराची गेल्या महिन्यात वाटणी झाली. कपाटं, पितळी भांडी, समया सगळं वाटून झालं. मी एकच वस्तू मागून घेतली : जिन्याखाली उभी असलेली आजोबांची रॅले. २८ इंची चाकं, सळईचे ब्रेक, पूर्ण बंद चेनकव्हर आणि समोर बगळ्याचं डोकं असलेला बिल्ला. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कारकून होते. महाल ते मिल आणि मिल ते महाल, निवृत्त होईपर्यंत हीच सायकल. मला शाळेत सोडायलाही हीच. दांडीवर टॉवेलची घडी आणि त्यावर मी.

तीन रविवार खपून साफ केली. घासलेट, जुने ब्रश, ग्रीस. चाकं सरळ निघाली, एकही आरा बदलावा लागला नाही. पण बीबीत, म्हणजे पायडलचा अक्ष फिरतो त्या फ्रेमच्या नळीत, खेळ आहे. पायडलवर जोर दिला की कट् असा आवाज येतो. खोलून पाहिलं तर डावीकडच्या कपात (छर्रे फिरतात त्या वाटीत) छर्ऱ्यांनी खड्डे पाडले आहेत. सीताबर्डीतल्या एका दुकानात नेली. ते म्हणाले, "आताच्या कपाचे आटे याला बसत नाहीत, वेल्डिंग मारून देतो." मी सायकल उचलून घरी घेऊन आलो.

कपाचं काय करू, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की इथे रॅलेवर जीव असणारे बरेच जण आहेत. या कंपनीचं तुम्हाला नेमकं काय आवडतं आणि काय खटकतं? आठवणी हव्यातच, पण खटकणारंही मोकळेपणाने लिहा. मला ही भिंतीला टांगून ठेवायची नाही, चालवायची आहे. दिवाळीआधी तिच्यावर रामटेकला जायचं आहे.

उमरेडकर

काय बाप्पा, सकाळी सकाळी कुठं नेऊन सोडलं तुम्ही! आमच्या बाबांपाशी होती. मी तिच्यावरच कैची मारत शिकलो. दांडीवरून पाय जातच नव्हता ना! उजवा पाय मधातून, डावा हात हँडलवर, उजवी काख सीटवर. गुडघे फुटले, पण सायकल पडून पडून काही झालं नाही तिला.

आवडणारी गोष्ट एकच लिहितो. पोतंभर गहू कॅरिअरवर, आई मागं, मी दांडीवर, आणि बाबा चालवून राहिले. हँडल जरासं हालत नव्हतं.

गोरेवाडा सकाळ

फोटो टाका. बिल्ल्याचा जवळून हवा.

छर्रे आणि ग्रीस

वेल्डिंग करू दिलं नाहीत, फार बरं केलंत. एकदा ती नळी वितळली की सायकल गेली.

दुकानदार बसत नाही म्हणाला ते मात्र खरं आहे. बहुतेक इंग्लिश मापाच्या सायकलींच्या बीबीला इंचात २४ आटे असतात. रॅलेने स्वतःच्या कारखान्यात इंचात २६ पाडले. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या नळीलाही २६च. व्यासात फरक इतका बारीक आहे की २४ चा कप हातात घेऊन फिरवला तर पहिले एकदोन फेरे गोड जातो, मग आवळतो. इथे एखाद्याने पान्याला पाइप अडकवून जोर केला की नळीतले आटे खलास. मी असे तीन फ्रेम पाहिलेत. तिन्हींना मुळात काही झालं नव्हतं, नुसते कप बदलायचे होते.

मला रॅलेचं सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, आणि सगळ्यात आवडतं त्याचं मूळही इथेच आहे. या लोकांनी बाहेरून घ्यायचं फारसं ठेवलंच नाही. हब त्यांची, चेनव्हील त्यांचं, नटबोल्टसुद्धा त्यांचे. १९०२ साली स्टर्मी-आर्चर कंपनी उभी राहिली, तीही रॅलेच्याच पैशावर, तीन गिअरच्या हबसाठी. सगळं एका छपराखाली तयार होत असल्यामुळे प्रत्येक भाग दुसऱ्यात असा बसतो की पन्नास वर्षांनीही खोलून परत जोडता येतो. पण ते छप्पर गेल्यावर आपल्यासारख्याने सुटा भाग आणायचा कुठून?

तेव्हा आधी थ्रेड गेज (आटे मोजायची पट्टी) लावून मोजा. बिल्ल्यावर काय लिहिलंय तेही सांगा : नॉटिंगहॅम की सेन-रॅले, म्हणजे इंग्लंडची की आपल्याकडे बनलेली?

दांडीवरचा नातू

@छर्रे आणि ग्रीस, बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड आहे. घरात सगळे "लंडनची सायकल" म्हणायचे. थ्रेड गेज माझ्याकडे नाही.

कार्बनवाला

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. धाग्यात खटकणारं मागितलंय म्हणून लिहितो.

एक म्हणजे वजन. २८ इंची रोडस्टर, म्हणजे ही उंच काळी सायकल, साधारण २० किलोच्या घरात जाते. माझी रोड बाइक त्याच्या निम्म्याहूनही कमी. कामाला जायला ठीक, पण २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत पुरी करायची तर प्रत्येक चढावर ते वजन ओढायचं.

दुसरं म्हणजे पावसातले ब्रेक, आणि हे जास्त गंभीर आहे. हा काही रॅलेचा एकटीचा दोष नाही, क्रोम केलेल्या स्टील रिमचा स्वभाव आहे. त्या काळातल्या सगळ्याच सायकलींना लागू. मी एका मित्राची जुनी काळी सायकल, वेगळ्याच कंपनीची, जुलैत अंबाझरीच्या उतारावर घेऊन निघालो होतो. पाऊस सुरू झाला. ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, सायकल आपली चाललीच आहे. शेवटी चपला घासत थांबलो. समोर शाळेची ऑटो उभी होती. आत मुलं होती. तो क्षण मी विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो, प्रेम करा, पण पावसात या सायकलवर कुणाला मागे बसवू नका.

छर्रे आणि ग्रीस

कार्बनवाला यांचं ब्रेकबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ओल्या क्रोमवर रबर धरत नाही. पाऊस असेल तेव्हा चढाआधी नाही, उतार सुरू व्हायच्या आधीच हलका ब्रेक धरून रिम पुसत यायचं. जुने लोक असंच चालवायचे.

पण सळईच्या ब्रेकची दुसरी बाजूही सांगतो. यात गुटके रिमच्या आतल्या बाजूने, म्हणजे हबकडून, वर ओढले जातात. कडेने चिमटत नाहीत. त्यामुळे खड्ड्यात आपटून रिमला थोडा लचका आला तरी ब्रेक घासत नाही, सायकल घरापर्यंत येते. आपल्या रस्त्यांवर हे किती कामाचं आहे ते सांगायला नको.

मंजिरी ध

माझी वेगळी रॅले आहे. मावशीची, २६ इंची, लूप फ्रेमची (वर आडवी दांडी नसलेली), मागे स्टर्मी-आर्चरची तीन गिअरची हब. मावशी साठच्या दशकात ती घेऊन धरमपेठेतून कॉलेजला जायची.

आवडतं ते हे. मधला गिअर म्हणजे सरळ. खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा एक आणि एक तृतीयांश. नागपुरात रोज एवढंच लागतं. सिग्नलवर उभी असतानाही गिअर बदलता येतो, हे मला फार सुखाचं वाटतं. नव्या गिअरच्या सायकलला त्यासाठी पायडल फिरवावं लागतं. हबवर तेल घालायचं छोटं झाकण आहे, महिन्याला चार थेंब घालते. बस, बाकी काही नाही. शिवाय हबच्या कवचावर साल कोरलेलं असतं. माझ्या हबवर ६२ आहे. मावशीला ते दाखवलं तेव्हा तिने बोटाने दोनदा चाचपून पाहिलं.

खटकतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा आहे ते. केबल जराशी सैल असली की हब त्या रिकाम्या जागेत जाते आणि पायडल हवेत फिरतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर मी उभी राहून पायडल मारत होते, आणि पाय एकदम खाली गेला. हनुवटी हँडलवर आपटली, तीन टाके पडले. केबल मीच बसवली होती, तपासली मात्र नव्हती. आता दर रविवारी बघते. मधल्या गिअरला टाकायचं, हबच्या नटातून दिसणारा दांडा अक्षाच्या टोकाशी सरळ रेषेत आला पाहिजे.

आणि अजून एक. या सगळ्या मोठ्या काळ्या रोडस्टर उंच फ्रेममध्ये. माझ्या उंचीची बाई त्यावर बसणार कशी? बायकांसाठी लूप फ्रेम काढली हे चांगलं, पण आपल्याकडे ती किती घरांत आली? आमच्या गल्लीत मावशीची एकटीच होती.

उमरेडकर

@मंजिरी ध, तीन टाके! जपून चालवत जा ताई. पण मावशीले माझा नमस्कार सांगा. त्या काळात धरमपेठेतून सायकलवर निघणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती.

वर्धा रोड

आमच्या घरी रॅले की हंबर हे भांडण होतं. बाबा रॅलेवाले, काका हंबरवाले. काका म्हणायचे, हंबरचा दुहेरी नळ्यांचा चिमटा पाहा, तसा कुणाकडे आहे का? बाबा बगळा दाखवायचे.

छर्रे आणि ग्रीस

@वर्धा रोड, १९३२ सालीच हंबरच्या सायकली रॅलेने घेतल्या होत्या. म्हणजे बाबा आणि काका एकाच घरच्या दोन सायकलींवरून भांडत होते!

वर्धा रोड

हे आज काकांना फोन करून सांगतो. ८१ वर्षांचे आहेत. जेवण सोडून ऐकतील.

लीस्टरचा नागपूरकर

मी नॉटिंगहॅमपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. हा धागा वाचून शनिवारी मुद्दाम गेलो.

फ्रँक बोडेन नावाचा माणूस हाँगकाँगमध्ये पैसा कमावून परत आला, तब्येत ढासळलेली. सायकल चालवून बरा झाला, आणि १८८८ मध्ये रॅले स्ट्रीटवरच्या छोट्या सायकल कारखान्यात त्याने पैसे घातले. कंपनीचं नाव त्या गल्लीवरून पडलं. ती गल्ली अजून आहे. साध्या विटांची घरं. मी तिथे एकटाच उभा राहून फोटो काढत होतो, एका आजीबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि हात हलवला.

नंतर जिथे मोठा कारखाना उभा राहिला तिथे आता विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस आहे. तळं, बदकं, काचेच्या इमारती, लॅपटॉप घेऊन बसलेली मुलं. २००२ साली नॉटिंगहॅममधलं उत्पादन थांबलं. जिथून महालातल्या त्या जिन्याखालची सायकल निघाली, तिथे आज एकही सायकल तयार होत नाही.

मला खटकतं ते हेच. नाव शिल्लक राहिलं, कंपनी या हातातून त्या हातात गेली, २०१२ मध्ये डच ॲक्सेल समूहाने घेतली, पण बगळ्यामागची ती माणसं आणि यंत्रं राहिली नाहीत. आपल्याकडेही एम्प्रेस मिलचं तेच झालं. १८७७ साली जमशेटजींनी सुरू केलेली मिल, तिथे आता मॉल आहे. आजोबांची मिलही गेली आणि सायकलचा कारखानाही. सायकल तेवढी राहिली.

गोरेवाडा सकाळ

@लीस्टरचा नागपूरकर, त्या गल्लीचा फोटो इथे टाका ना.

आसनसोल ते अजनी

सेन-रॅलेचा विषय निघाला म्हणून. माझी नोकरी रेल्वेत, आठ वर्षं आसनसोलला होतो. तिथे आजही सेन-रॅले रोड आहे. सुधीरकुमार सेन यांनी रॅलेबरोबर भागीदारी करून हा कारखाना पन्नाशीच्या दशकात सुरू केला. आपल्याकडच्या कित्येक "विलायती" रॅले खरं तर तिथल्याच आहेत. पुढे कारखाना अडचणीत आला, १९८० मध्ये सरकारने ताब्यात घेतला, सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया असं नाव झालं, आणि नंतर बंदच पडला. मी होतो तेव्हा रस्त्याकडेच्या चहावाल्याचे वडील तिथले कामगार होते. चहा देताना ते एकच विचारायचे, "तुमच्या नागपुरात आमच्या सायकली अजून चालतात का?" मी हो म्हणायचो. खरंच चालतात.

नॉटिंगहॅमची असेल तर चांगली आणि आसनसोलची म्हणजे दुय्यम, असं काही लोक बोलतात. मला ते पटत नाही. इथल्या उन्हात आणि इथल्या खड्ड्यांत कुणी किती वर्षं काढली ते पाहा.

कार्बनवाला

@लीस्टरचा नागपूरकर, तुमचं वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो.

मी वर वजनाचं लिहिलं, त्यात एक राहून गेलं. रॅले म्हणजे फक्त काळी जड सायकल असा समज करून घेऊ नये. १९८० ची टूर द फ्रान्स योप झुटेमेल्कने जिंकली ती टीआय-रॅले संघातून. इल्केस्टनच्या त्यांच्या छोट्या कार्यशाळेत रेनॉल्ड्स ७५३ च्या पातळ नळ्यांच्या फ्रेम हाताने तयार होत. म्हणजे हलकं करायचं ज्ञान त्यांच्याकडे होतं. पोतंभर गहू आणि दोन माणसं वाहायची सायकल त्यांनी जाणूनबुजून जड ठेवली. हे मला मान्य आहे.

आणि मला माझ्या नव्या सायकलबद्दलही खरं सांगायचं आहे. आधीची एक ॲल्युमिनियमची होती, कंपनीचं नाव लिहीत नाही. चार वर्षांत मागच्या डेरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची) पट्टी मोडली, तीच पट्टी पुन्हा कुठे मिळाली नाही, मॉडेल बंद. फ्रेम धड असून सायकल भंगारात गेली. रॅलेचे २६ आटे त्रासाचे आहेत, पण सत्तर वर्षांनी आपण त्याबद्दल बोलतोय, मोजतोय, कप शोधतोय. माझ्या त्या सायकलसाठी चौथ्याच वर्षी शोधायला काही उरलं नव्हतं.

उमरेडकर

कार्बनवाले भाऊ, एकदा रॅलेवर बसून पाहा. पुढल्या रविवारी माझी देतो. सीट उंच करून ठेवतो.

इतवारीचा राजू

आमचं सायकलचं दुकान आजोबांपासून. थोडं मालाचं सांगतो.

२८ बाय दीडचा टायर आणि ट्यूब आपल्याकडे आजही सहज मिळते, कारण गावोगावी काळ्या सायकली चालू आहेत. दूधवाले, भाजीवाले, पेपरवाले. परदेशातले जुन्या रॅलेवाले हाच भारतीय टायर मागवतात. ब्रेकचे गुटके, सळया, कॉटर पिना (क्रँक अक्षावर पक्का धरणाऱ्या), चेन, सगळं आहे.

पण दोन गोष्टी सांभाळा. कॉटर पिन ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेका द्या. टेका नसला की सगळा ठोका बीबीच्या छर्ऱ्यांवर आणि कपावर जातो, खड्डे तिथेच पडतात. नट आवळून पिन बसत नाही, ठोकून बसवायची, मग नट. आणि एका क्रँकची पिन वरून गेली की दुसऱ्याची खालून, नाहीतर पायडलं एका ओळीत येत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये दुपारी रॅले उन्हात उभी करू नका. ४५ अंशात पंक्चरचं ठिगळ सुटतं. हवा सकाळी भरा, थोडी कमीच ठेवा.

कपाचं बघतो. बाबांनी जुन्या कपांचा एक डबा वेगळा काढून ठेवलेला आहे, त्यावर खडूने २६ लिहिलंय. मला वाटायचं किमतीचा आकडा आहे. आज हा धागा वाचल्यावर कळलं.

छर्रे आणि ग्रीस

राजू, तो डबा कुणालाही देऊ नका हो!

मंजिरी ध

वाचताना अंगावर काटा आला. खडूने २६!

दांडीवरचा नातू

काल संध्याकाळी इतवारीत जाऊन आलो. राजूच्या बाबांनी डबा ओट्यावर उपडा केला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले सतरा कप, प्रत्येकाला जुनं ग्रीस लावलेलं. डावीकडचे चार निघाले. थ्रेड गेज त्यांच्याकडेच होतं, माझा जुना कप मोजला, २६. पहिला बसवून पाहिला तो थोडा अडकला, त्यांनी लगेच काढून घेतला आणि आटे ब्रशने साफ करायला बसले. दुसरा बोटांनी शेवटपर्यंत गेला. पान्याची गरजच लागली नाही.

पाव इंची छर्रे नवे घेतले, बाजूला ११ प्रमाणे २२. उजवा कप चांगला होता, तो हलवला नाही. राजूच्या बाबांनी स्वतः ग्रीसमध्ये एकेक छर्रा लावला. पैसे विचारले तर फक्त छर्ऱ्यांचे घेतले. म्हणाले, "कप माझ्याकडे वाट पाहत पडले होते." मी आजोबांचं नाव सांगितलं. त्यांना आठवले नाहीत, पण मिलचा भोंगा वाजल्यावर स्टेशनकडून येणारा सायकलींचा लोंढा आठवला. त्या वेळेत दुकानासमोरून रस्ता ओलांडता येत नसे म्हणाले.

रात्री महालातून फेरी मारली. कट् आवाज गेला. आता फक्त फ्रीचा टिकटिक आवाज येतो, लहानपणी दांडीवर बसून ऐकायचो तोच.

आता मी काय लिहू, खटकणारं? दांडी अजून टोचते. टॉवेल घ्यावा लागेल.

लीस्टरचा नागपूरकर

गल्लीचा फोटो टाकलाय वर. त्याखाली तुमच्या बीबीचाही टाका.

आसनसोल ते अजनी

रामटेक कधी? ऑक्टोबरचं ऊन साधं नसतं. पहाटे निघालात तर कामठी, कन्हान, मनसर करत पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येणार नाही. एका बाजूने साधारण ५० किमी आहे. गडावर सायकल न्यायच्या भानगडीत पडू नका, खाली लावून चालत जा.

कार्बनवाला

मी येतो. उमरेडकरांची रॅले घेऊन. ब्रेकचे गुटके नवे लावून देणार असाल तरच.

उमरेडकर

नवे गुटके आजच लावून राहिलो. राजूकडून आणतो. सीट किती इंच उंच करू ते सांगा.

मंजिरी ध

माझी पण येते. केबल शनिवारी रात्री तपासते.

दांडीवरचा नातू

येत्या रविवारी, पहाटे पाच वाजता, झिरो माईलच्या खांबाजवळ. पंप माझ्याकडे आहे, व्हॉल्वची रबरी नळी प्रत्येकाने आपापली आणा. तर्री पोहे परत आल्यावर. राजू, बाबांनाही घेऊन या, ते म्हणाले त्यांनी रामटेक सायकलवर शेवटचं केलं त्याला तीस वर्षं झाली.

इतवारीचा राजू

विचारलं. त्यांनी आत्ताच सायकल उलटी केली, चेन काढून घासलेटात टाकली आहे.